विझलेल्या भट्ट्यांची यादी

दिल्लीच्या चाणक्यपुरीत राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे. १ फेब्रुवारी १९७७ रोजी ते उघडले. मोकळ्या आवारात रूळ अंथरलेले आहेत आणि त्यांवर जुनी इंजिने उभी आहेत. इंजिन कुणी बांधले, कधी बांधले, कुठे चालले, हे पाटीवर वाचता येते. ते चालवायला काय काय लागत असे, ते मात्र पाटीवर मावत नाही. आपण जे जपले, ते बहुतेक मोठे आणि जड. त्याच्या भोवतीचे लहान, हाताळायचे, कानावर पडायचे असे पुष्कळ काही काचेआड गेले किंवा भंगारात गेले. त्यातल्या काही गोष्टींची ही यादी.

भट्टी

थंड इंजिनात चालण्याजोगी वाफ धरायला कित्येक तास लागत. सकाळच्या गाडीचे इंजिन रात्रीच पेटवावे लागे. आधी तेलात भिजवलेल्या चिंध्या, मग लाकूड, मग दगडी कोळसा. घाई करून भागत नसे. बॉयलरचे पत्रे असमान तापले की सांधे ताणत आणि नळ्या गळू लागत.

डब्ल्यूपी जातीची पहिली इंजिने १९४७ साली अमेरिकेतून आली. निमुळते नाक, नाकावर तारा. त्यांच्या बॉयलरात दर चौरस इंचाला २१० पौंड दाबाची वाफ कोंडलेली असे. भट्टीच्या छतावर पाणी कायम हवे. ते उतरले तर छतातले शिशाचे बूच वितळे आणि वाफ भट्टीत शिरून आग दाबून टाकी. म्हणून ड्रायव्हरचा एक डोळा रुळांवर असे आणि दुसरा पाण्याच्या काचनळीवर.

फावडे

हलत्या इंजिनावर पाय रोवून उभे राहायचे. मागच्या टेंडरमधून, म्हणजे कोळसा-पाण्याच्या डब्यातून, फावडे भरून घ्यायचे, वळायचे, भट्टीच्या तोंडातून कोळसा नेमका हव्या त्या जागी टाकायचा आणि दार लगेच लावायचे. दार उघडे राहिले तर गार वारा आत शिरून वाफ पडते. एकदम पुष्कळ कोळसा टाकणे हे अडाण्याचे काम. जाणता फायरमन थोडा थोडा आणि वारंवार टाकी. आगीचा थर कुठे विरळ झाला हे त्याला ज्वाळेच्या रंगावरून कळे. धुरांड्यातून दाट काळा धूर निघू लागला, की कोळसा पुरता न जळता वाया चालला आहे हे लांब उभ्या असलेल्या माणसालाही समजे.

मोठ्या इंजिनावर दोन फायरमन असत. एक भट्टी सांभाळी, दुसरा टेंडरमधला कोळसा फोडून पुढे ओढी. घरून आणलेला डबा बॉयलरच्या अंगावर गरम होई. अंगावरचे कपडे कितीही धुतले तरी काळे ते काळेच. फावडे संग्रहालयात ठेवता येते. ते कोणत्या क्षणी थांबवायचे, याची जाण तिथे ठेवता येत नाही.

वॉटर कॉलम

फलाटाच्या टोकाला उभा असलेला लोखंडी खांब, त्याला फिरता आडवा हात आणि टोकाला लोंबणारी कातड्याची किंवा किंतानाची नळी. खाली टेंडर आले की फायरमन वर चढे, हात फिरवून नळी आत सोडी आणि खाली उभा असलेला माणूस चाक फिरवून पाणी सोडी. मोठ्या इंजिनाच्या टेंडरमध्ये २५ हजार लिटरच्या आसपास पाणी मावे. वेळापत्रकातले लांब थांबे या पाण्यासाठी असत. तेवढ्यात प्रवासी उतरत, सुरया भरून घेत, चहा पीत, दुसऱ्या डब्यातल्या नातेवाइकाला भेटून येत. स्टेशनाजवळची विहीर, तिच्यावरचा पंप, उंच टाकी आणि पाणी जड निघाले तर बॉयलरात बसणारा क्षार खरवडणारी माणसे, हा सगळा संसार इंजिनाच्या तहानेवर उभा होता. खांब अजून कुठे कुठे दिसतो. त्याच्या चाकाला आता कुणी हात लावत नाही.

कॉलमन

रेल्वेच्या चाळींत रात्री-अपरात्री सायकलवरून किंवा पायी फिरणारा माणूस. हातात कंदील, काखेत कॉल बुक. पहाटेच्या गाडीवर ज्याची पाळी, त्याच्या दारावर थाप मारायची, नाव आणि गाडीचा नंबर सांगायचा, वहीत सही घ्यायची. ड्रायव्हर सही करी तेव्हा बायको चूल पेटवत असे. भुसावळ, मनमाड, दौंड, इगतपुरी, कुर्डुवाडी या गावांतल्या कितीतरी मुलांची झोप त्या थापेने मोडली आहे. टेलिफोन आले, मग मोबाइल आले. तो माणूस आणि ती वही, दोन्ही कामाविना राहिली.

सिग्नलचा हात

उंच खांबावरचा लाल पाटा आडवा असेल तर थांबा. खाली झुकला तर या. गावची माणसे म्हणत, सिग्नल पडला, गाडी आली. रात्रीसाठी पाट्याच्या मुळाशी रंगीत काचा आणि त्यांच्यामागे रॉकेलचा दिवा. 'या' म्हणणारी काच निळसर असे. रॉकेलची ज्योत पिवळी, म्हणून तिच्यातून येणारा उजेड लांबून हिरवा दिसे.

रोज संध्याकाळी बत्तीवाला शिडीने वर चढून दिवा ठेवी, वात कापी, काच पुसी. पावसातही चढावेच लागे. केबिनमधल्या खटक्यापासून खांबापर्यंत तार गेलेली असे, कप्प्यांवरून, कित्येकदा पाऊण-एक किलोमीटर लांब. उन्हाळ्यात तार तापून सैल पडे आणि थंडीत आखडे. खटका ओढणाऱ्याला आपल्या तारेचा स्वभाव ऋतुमानाप्रमाणे ठाऊक असावा लागे. आज त्या जागी विजेचे रंगीत दिवे आहेत. ते अधिक सुरक्षित आहेत आणि तेच असायला हवेत. बत्तीवाल्याची शिडी मात्र कुणी जपून ठेवलेली मी पाहिली नाही.

गोळा

एकेरी मार्गावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत, यासाठी पोलादाचा एक गोळा पुरे होता. दोन स्टेशनांवर एकमेकांना तारेने जोडलेली नील पद्धतीची यंत्रे असत. दोन्हीकडच्या मास्तरांनी मिळून संमती दिली, तरच एका यंत्रातून एक गोळा बाहेर येई. तो पुन्हा कुठल्या तरी एका यंत्रात पडेपर्यंत दुसरा गोळा कुणालाच काढता येत नसे. गोळा कातड्याच्या पिशवीत, पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला. तो हाती असला तरच ड्रायव्हरला पुढच्या स्टेशनापर्यंतचा मार्ग मिळाला.

न थांबणारी गाडी असेल, तर फलाटावरचा माणूस कडे उंच धरून उभा राही. फायरमन वाकून धावत्या इंजिनातून त्यात हात घाली आणि आधीचे कडे खाली टाकी. चुकले तर गाडी थांबवून मागे यावे लागे. दंडावर वळ उमटत. काचेच्या कपाटात आता तो गोळा निश्चल पडलेला आहे. त्यावर कोरलेली दोन स्टेशनांची नावे वाचावीत. एकेका गोळ्याने किती माणसे सुखरूप घरी पोहोचवली, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

रुळाच्या तुकड्याची घंटा

लहान स्टेशनावर घंटा म्हणून रुळाचाच एक तुकडा टांगलेला असे. पोर्टर लोखंडी दांड्याने ठोके देई. आधीच्या स्टेशनाहून गाडी सुटली, तिकीट खिडकी उघडली, गाडी आता निघणार, हे सगळे ठोक्यांवरून कळे. शेतातली माणसेसुद्धा त्यावरून वेळ ओळखत. ध्वनिक्षेपक आला आणि तो तुकडा भिंतीला टेकला.

तारमास्तराचे यंत्र

गाडी सुटल्याचा निरोप, उशीर, अपघात, साहेबांचा दौरा, सारे लांब-आखूड टकटकीतून जाई. तारमास्तर कागदाकडे पाहत नसे. कानाने ऐके आणि हाताने लिही. एकाच खोलीत दोन यंत्रे वाजत असली तरी आपले कोणते, हे त्याला कळे. पलीकडे कोण बसला आहे, हेही टकटकीच्या चालीवरून ओळखणारी माणसे होती. देशातली सार्वजनिक तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. रेल्वेतली टकटक त्याच्या बऱ्याच आधी थांबली होती.

पुठ्ठ्याचे तिकीट

इंग्लंडमधले स्टेशनमास्तर थॉमस एडमंडसन यांनी १८३०च्या दशकात काढलेली ही युक्ती. सव्वादोन इंच लांबीचा जाड पुठ्ठा, त्यावर छापील अनुक्रमांक, दोन स्टेशनांची नावे, भाडे. खिडकीमागे लाकडी कपाट, त्यात प्रत्येक स्टेशनाचा एक उभा कप्पा. बाबू खालचे तिकीट ओढी आणि तारखेच्या यंत्रात घालून ठक्‌ असा आवाज काढी. संध्याकाळी अनुक्रमांक पाहिला, की किती तिकिटे गेली आणि किती रक्कम हवी, याचा मेळ बसे. मुलाचे अर्धे तिकीट हवे, तर पुठ्ठ्याचा कोपरा कापून देत. दारावरचा तिकीट तपासनीस चिमट्याने त्याला भोक पाडी. खूप मुलांनी ती तिकिटे खिशातून, दप्तरातून, पुस्तकात खुणेसाठी वर्षानुवर्षे सांभाळली.

१९८५ पासून संगणकीय आरक्षण सुरू झाले, नंतर साध्या तिकिटांनाही यंत्रे आली. तिकिटे छापणारे रेल्वेचे छापखाने एकेक करून मिटले. कपाटाचे कप्पे रिकामे झाले, तेव्हा मार्गावरच्या लहान स्टेशनांची नावे मोठ्या अक्षरांत रोज वाचणारी नजरही गेली.

गार्डाची पेटी

काळ्या रंगाची, पत्र्याची, जड. झाकणावर पांढऱ्या अक्षरांत गार्डाचे नाव आणि मुख्यालय. आत लाल-हिरवी निशाणे, हातदिवा, रुळावर ठेवायचे धोक्याचे फटाके, नियमांचे पुस्तक, औषधांची डबी. गाडी लागण्याआधी हमाल ती गाडीच्या शेवटच्या डब्यात चढवी. पेटी फलाटावर दिसली, की गार्डसाहेब आलेच. जानेवारी २०२२ मध्ये गार्ड या पदाचे नाव बदलून ट्रेन मॅनेजर झाले. पेटीच्या जागी आता चाकांची बॅग येत आहे. ती वाहणाऱ्यांचे खांदे हलके झाले, हे बरेच झाले. पेटीवर हाताने नाव रंगवणाऱ्या रंगाऱ्याचा हात मात्र त्यासोबत गेला.

लाकडी बाक

तिसरा वर्ग १९७४ साली नावाने संपला. बाक लाकडाचेच राहिले. पट्ट्यांमध्ये फटी, पट्ट्यांवर पिढ्यांच्या घासण्याने आलेली झिलई. रात्रभर बसून गेलेल्या माणसाच्या पाठीवर त्या पट्ट्या उमटत. गांधीजींनी याच वर्गाच्या हालांवर १९१७ साली लिहिले होते. राजापूरचे खासदार मधु दंडवते १९७७ साली रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या शयनबाकांवर दोन इंचांची गादी आली. साध्या प्रवाशाची पाठ कुणाच्या तरी ध्यानात आली. या यादीतली ही एक वस्तू जावी, असेच मला वाटते. पण जाण्याआधी ती कशी होती, हे पुढच्यांना कळायला हवे, म्हणजे ती कुणामुळे गेली हेही कळेल.

छोटी लाइन

दिल्लीच्या संग्रहालयाच्या आवारात माथेरानचे ७३८ क्रमांकाचे लहानसे इंजिन उभे आहे. जर्मनीतल्या ओरेनस्टाइन आणि कोपेल कंपनीने बांधलेल्या चार इंजिनांपैकी हे एक. सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने नेरळ ते माथेरान दोन फुटी रूळ टाकले. १९०७ साली गाडी डोंगर चढली. वळणे इतकी तीव्र, की साध्या आसांनी चाके वळली नसती. म्हणून या इंजिनांचे टोकाचे आस थोडे सरकतील असे केले होते. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथली वाफ थांबली.

बार्शीची गोष्ट याहून मोठी. एव्हरार्ड काल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने अडीच फुटी मार्गाचा एक विचार मांडला: गाडीच्या प्रत्येक आसावर सारखा, ५ टनांपुरताच भार यावा, म्हणजे हलके रूळही जड माल पेलतील. १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी हा पहिला टप्पा सुरू झाला. पुढे १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. आषाढी-कार्तिकीला वारकऱ्यांनी भरलेल्या या गाड्या पंढरीला जात. १९५४ साली सरकारने ही कंपनी ताब्यात घेतली. या शतकाच्या पहिल्या दशकात मार्ग टप्प्याटप्प्याने रुंद झाला. लातूरचा माणूस आता थेट मुंबईच्या गाडीत बसतो. हे व्हायलाच हवे होते. कुर्डुवाडीच्या कारखान्यात लहान इंजिने उघडून पुन्हा जोडणारे हात त्या बदलात मोजले गेले नाहीत.

विदर्भात कापूस वाहण्यासाठी टाकलेली यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही शकुंतला. मँचेस्टरला १९२१ साली बांधलेले वाफेचे इंजिन तिने १९९४ च्या एप्रिलपर्यंत चालवले. नंतर डिझेल आले, नंतर गाडीच थांबली. सातपुड्यातल्या छोट्या लाइनीही २०१५ पासून एकेक करून बंद झाल्या. त्यांची आठवण नागपूरच्या मोतीबाग इथल्या संग्रहालयात आहे. दिल्ली लांब पडत असेल त्यांनी तिथे जावे.

एका रुळाची गाडी

पटियाळा संस्थानाने १९०७ साली बांधलेली. लोखंडी चाके एकाच रुळावर चालत आणि तोल सांभाळायला एका बाजूला मोठे चाक रस्त्यावर टेकलेले असे. बहुतेक सगळा भार रुळावर, थोडासाच त्या चाकावर. संस्थानाच्या लष्करी खेचरांना काम मिळावे म्हणून गाड्या बहुधा तीच ओढत. मोटारी वाढल्या आणि १९२७ साली हा मार्ग बंद पडला. पुढे कित्येक वर्षांनी एक इंजिन पडलेल्या अवस्थेत सापडले आणि अमृतसरच्या रेल्वे कारखान्याने ते पुन्हा चालते केले. मोडीत निघालेली वस्तू कुणीतरी ओळखली, म्हणून ती आज आहे.

तीन नावे

साहिब, सिंध, सुलतान. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे १४ डबे आणि सुमारे ४०० पाहुणे घेऊन निघालेली गाडी या तीन इंजिनांनी ओढली. २१ तोफांची सलामी झाली. देशातल्या प्रवासी रेल्वेचा आरंभ आपल्या दारात झाला. नाना शंकरशेटांसारख्या माणसांनी त्यासाठी खटपट केली. त्या तीन इंजिनांपैकी एकही आज कुठल्याही संग्रहालयात नाही. ज्या दिवसाचे स्मरण आपण दरवर्षी करतो, त्या दिवसाचे लोखंड आपल्याला सांभाळता आले नाही.

फेअरी क्वीन

तिचे नशीब निराळे. १८५५ साली इंग्लंडमधल्या लीड्स इथे बांधलेले, बंगालकडे ईस्ट इंडियन रेल्वेत चाललेले हे इंजिन १९०९ साली निवृत्त झाले. ते मोडले नाही, ठेवले. पुढे चाणक्यपुरीच्या संग्रहालयात आले. १९९७ साली त्याची भट्टी पुन्हा पेटली आणि ते दिल्लीहून अलवारला गाडी घेऊन गेले. पुढच्या वर्षी नियमित चालणारे जगातले सर्वांत जुने वाफेचे इंजिन म्हणून गिनीज बुकाने त्याची नोंद केली. हे जमले, कारण १९९७ साली बॉयलर जाणणारी माणसे कामावर होती. १८९३ साली बांधलेली हरियाणातली रेवाडीची शेड आजही काही इंजिने पेटवत ठेवते. तिथे शिकलेला प्रत्येक तरुण या यादीतली एक ओळ कमी करतो.

हात

चित्तरंजनच्या कारखान्यात १९७२ साली शेवटचे वाफेचे इंजिन बांधले गेले. मोठ्या लाइनीवरची नेहमीची वाफेची गाडी १९९५ च्या डिसेंबरात थांबली. मीटर गेजवर ती २००० च्या आसपास संपली. दार्जिलिंग, निलगिरी असे थोडे डोंगरी मार्ग तेवढे उरले.

याचा हिशेब साधा आहे. १९९५ साली चाळिशीत असलेला ड्रायव्हर आज सत्तरीत आहे. त्याला शिकवणारे गेले. त्याच्या हाताखाली कोळसा टाकणारा पंचविशीतला फायरमन आता पंचावन्न ओलांडून निवृत्तीला टेकला आहे. म्हणजे पंधरा-वीस वर्षांनी इंजिने असतील, पाट्या असतील, रंगही ताजा असेल. ओल्या कोळशावर वाफ कशी धरायची, चढावर चाक घसरू लागले तर रेती किती सोडायची, काचनळीतले पाणी खरे की खोटे हे कसे ओळखायचे, हे सांगणारा माणूस क्वचितच सापडेल. इंजिन विकत घेता येते, दुरुस्तही करता येते. ही माहिती पुस्तकातून पुरती येत नाही. ती एका पाळीकडून दुसऱ्या पाळीकडे तोंडी आणि हातोहात गेली.

संग्रहालये आणखी व्हावीत आणि चांगली व्हावीत. पण लोखंडासाठी जेवढे केले, त्याचा दहावा हिस्सा तरी या माणसांच्या बोलण्यासाठी व्हायला हवा. रेल्वेने प्रत्येक जुन्या शेडच्या गावी निवृत्तांना बोलवावे, त्यांच्या तोंडून काम टिपून घ्यावे आणि ते इंजिनाच्या पाटीशेजारी ऐकायला ठेवावे. तोवर आपणही थांबू नये. घरात जुनी पेटी, कंदील, कॉल बुक, पुठ्ठ्याची तिकिटे असतील तर ती भंगारात देऊ नका. कुणाची, कोणत्या शेडची, कोणत्या वर्षाची, हे चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा. आणि घरात, चाळीत, ओळखीत कुणी वाफेवर काम केलेला माणूस असेल, तर या रविवारी त्याच्याजवळ बसा. इंजिन कसे पेटवत, हे पहिल्यापासून विचारा आणि तो सांगेल ते लिहून घ्या.